प्रेशर आणि शिट्टी

मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम आमच्या घराण्यात जास्तीत जास्त दीड तास चालल्याची नोंद आहे. पोहे, चहा, 'स्वयंपाक येतो का', 'आम्ही कळवतो', की संपलं. गेल्या पावसाळ्यात मात्र मोहोपाड्याच्या आमच्या घरात नातीचा जो इंटरव्ह्यू सुरू झाला, तो सव्वा महिना चालला. त्याच्या पाच फेऱ्या झाल्या. सप्तपदीला अवघ्या दोन कमी!

आमच्या काळी इंटरव्ह्यूला जावं लागे. हल्ली इंटरव्ह्यूच घरी येतो. आला की गच्चीलगतच्या खोलीत बसतो, कारण मोबाइलची रेंज तेवढीच तिथे आहे. तो घरात असेपर्यंत मिक्सर लावायचा नाही, कुकर लावायचा नाही आणि मी खोकायचं नाही. जावयाचीसुद्धा एवढी बडदास्त आम्ही कधी ठेवली नव्हती.

नात इंजिनिअर आहे, कॉम्प्युटरची. कंपनी कसली म्हणाल, तर मोबाइलवर बोट टेकवलं की पंधरा मिनिटांत दारात कोथिंबीर आणून देणारी. म्हणजे कंपनी स्वतः कोथिंबीर पिकवत नाही, खुडत नाही आणि खांद्यावर वाहतही नाही. ती कोणी, कुठून, कोणत्या गल्लीतून किती मिनिटांत आणायची याचं गणित कंपनीची यंत्रं करतात, आणि त्या यंत्रांना शिकवायला इंजिनिअर लागतात. नातीने मला जाहिरात वाचायला दिली. 'अत्यंत वेगवान वातावरणात, प्रचंड प्रेशरखाली, हसतमुखाने काम करू शकणारे उमेदवार हवेत.'

'प्रेशर' हा शब्द दिसला की माझ्यातला निवृत्त शिफ्ट इन्चार्ज खडबडून जागा होतो. रसायनीच्या कारखान्यात माझा जन्म प्रेशरबरोबर गेला आहे. मी चष्मा पुसून विचारलं, "किती?"

"काय किती?"

"प्रेशर गं. पाच किलो, दहा किलो, काही आकडा दिलाय का?"

"आबा, ते तसलं प्रेशर नाही."

"मग कसलं?"

"असंच. सगळ्यांना असतं ते."

ज्याला आकडा नाही, ज्याला गेज लावलेलं नाही आणि तरीही जे सगळ्यांना असतं, अशा प्रेशरविषयी मला त्याच क्षणी संशय आला. हा लेख म्हणजे तो संशय आहे. वाचकांपैकी कोणी वेगवान कंपनीचे साहेब असतील तर त्यांनी तो जरा सावकाश वाचावा, एवढीच विनंती.

ज्यांनी रसायनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पनवेलहून रोह्याच्या गाडीत बसलं की सोमाटण्यानंतर हे स्टेशन लागतं. देवांच्या, राजांच्या, झाडाझुडपांच्या नावाची गावं देशात पुष्कळ आहेत. रसायनांच्या नावाचं हे आमचं एक. तालुका खालापूर, नदी पाताळगंगा, एका अंगाला माणिकगड आणि दुसऱ्या अंगाला कर्नाळ्याचा सुळका. १९६० साली केंद्र सरकारने हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना इथे आला. तिला सगळे 'एचओसी' म्हणत. पुढे कीटकनाशकांचे, धाग्याचे, औषधांचे असे कारखाने येत गेले आणि भाताच्या खाचरांत भोंगे ऐकू येऊ लागले. पाहुणे नाकाला रुमाल लावून स्टेशनावर उतरत, आणि आम्ही अगदी प्रामाणिकपणे विचारत असू, "वास? कसला वास?"

माझा इंटरव्ह्यू झाला १९७६ साली. कंपनीचं नाव सांगत नाही. ती खाजगी होती आणि याच भागात होती, एवढं पुरे. समोर तीन साहेब होते. पहिल्याने विचारलं, "गाव कुठलं?" दुसऱ्याने विचारलं, "व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो?" मी हवेतच हात फिरवून दाखवला. तिसऱ्याने काहीच विचारलं नाही. मला घेऊन तो लोखंडी शिडीने तीन मजले चढला, वर पोचल्यावर माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि मुकाट्याने खाली उतरला. उंचावर मला चक्कर येते की नाही, तेवढंच त्याला बघायचं होतं. निघता निघता पहिले साहेब म्हणाले, "प्रेशरखाली काम कराल ना?"

मी चोवीस वर्षांचा. घरी लग्नाच्या दोन बहिणी. छाती काढून म्हटलं, "कितीही प्रेशर असू दे साहेब!"

साहेब खूश झाले. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावं. त्याची किंमत पुढे सांगायची आहे. इंटरव्ह्यूला एकंदर वीस मिनिटं लागली, त्यातली बारा शिडीला. आठव्या दिवशी पोस्टाने पत्र आलं.

नातीचा मामला निराळा. पहिल्या फेरीत माणूसच नव्हता. यंत्राने प्रश्न विचारले आणि यंत्रानेच मार्क दिले. दुसऱ्या फेरीत एका तासात तीन कोडी. तिसऱ्या फेरीत एका मुलाने विचारलं, "पुण्यात एकूण रिक्षा किती असतील?" नातीने लोकसंख्या घेतली, तिला कशाने तरी भागलं, आणखी कशाने तरी गुणलं आणि एक भारदस्त आकडा सांगितला. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, "आपल्याला हवी असेल तेव्हा एकही नाही." पण खरी उत्तरं त्या फेरीत चालत नाहीत म्हणे. उत्तरापेक्षा विचार करण्याची पद्धत बघतात.

चौथ्या फेरीला मात्र माझं डोकं फिरलं. तिला घरी करायला काम दिलं. गणित असं, की तीस माणसं, दोनशे पत्ते आणि पाऊस. सामान कसं पोचवायचं? पोर चार रात्री जागली. पाचव्या दिवशी तिने सगळं बाड त्यांच्याकडे पाठवून दिलं.

"मजुरी काय मिळाली?" मी विचारलं.

"आबा, इंटरव्ह्यूची कोणी मजुरी देतं का?"

"आणि तू केलेला हिशेब? तो परत दिला?"

"तो कशाला परत देतील?"

आता मला सांगा, गवंडी कसा आहे ते बघायचं म्हणून आपण त्याच्याकडून परसातली भिंत फुकट बांधून घेतो का? शिंप्याला 'आधी एक सफारी शिवून दाखव, आवडला तर दुसऱ्याचे पैसे देऊ' असं म्हणायची आपली प्राज्ञा आहे का? तो कात्री घेऊन मागे लागेल. पण शिकलेल्या पोरांना हे खुशाल सांगता येतं, आणि पोरंही 'अनुभव मिळाला' म्हणतात. अनुभव मिळाला हे खरंच. कोणाचा कसा मिळाला, एवढाच प्रश्न आहे.

पाचव्या फेरीच्या आदल्या रात्री जेवणं झाल्यावर नात माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आबा, उद्या विचारतील, प्रेशरखाली काम करता येईल का. काय सांगू?"

तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगितली. ती मी तिच्या आजीलासुद्धा पुरती सांगितलेली नव्हती.

नायट्रेशन नावाची एक क्रिया असते. बेंझीनमध्ये नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांचं मिश्रण सोडायचं, की नायट्रोबेंझीन तयार होतं. त्यापासून अ‍ॅनिलीन, आणि अ‍ॅनिलीनपासून रंगांपर्यंत आणि औषधांपर्यंत शंभर वस्तू. या क्रियेचा स्वभाव असा, की ती आपली आपण तापते. तिला चूल लागत नाही, उलट भांड्याभोवती थंड पाणी खेळवावं लागतं. आम्ल बारीक धारेने सोडायचं, ढवळणी अखंड चालू ठेवायची आणि पारा पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास राखायचा. घाई म्हणून धार मोठी केली, तर निघणारी उष्णता पाण्याला वाहून नेता येत नाही. पारा चढतो. पारा चढला की क्रिया जोर धरते, आणि क्रियेने जोर धरला की पारा आणखी चढतो. पुढे ती तुमची राहत नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे ढवळणी बंद पडणं. मग आम्ल नुसतं साठत जातं. पारा शांत असतो. केबिनमधल्या साहेबांना वाटतं, वा, काय सुरळीत चाललंय! आणि मग कोणीतरी अजाणता ढवळणी पुन्हा सुरू करतो, की साठलेलं सगळं एकदम पेटून उठतं. 'हसतमुखाने' हा शब्द जाहिरातीत वाचल्यावर मला पहिल्यांदा तो शांत पारा आठवला.

आमच्या कंपनीत १९८३ साली नवे साहेब आले. त्यांनी फळ्यावर खडूने लिहिलं, 'आठ तासांची बॅच सहा तासांत.' आमचे सर्वांत जुने ऑपरेटर होते, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. शिक्षण चौथी पास. पण भांड्याच्या नुसत्या आवाजावरून आत काय चाललंय ते सांगत. अण्णा म्हणाले, "साहेब, आम्लाला घड्याळ कळत नाही." आठवड्याभरात अण्णांना मेमो मिळाला. कारण काय, तर 'कामातील संथपणा.'

एका रात्रपाळीला साहेबांचा घरून फोन आला. बॅच सकाळी सहाला पाहिजे. शिफ्ट इन्चार्ज मी. 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं, "हो साहेब." कितीही प्रेशर असू दे म्हणणारा माणूस मी! अण्णांना म्हटलं, "जरा धार वाढवा." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. बोलले काहीच नाहीत, कारण बोलण्याबद्दलचा मेमो खिशात होता. धार वाढवली. तीनच्या सुमाराला पारा चढू लागला आणि आवरेना. अण्णांनीच आम्ल बंद केलं, धावत खाली गेले आणि तळाचा व्हॉल्व्ह उघडून सगळी बॅच पाण्याच्या टाकीत सोडली. मराठीत 'बॅच पाण्यात गेली' म्हणतात, ते त्या रात्री शब्दशः घडलं. तेवढ्या गडबडीत आम्ल उडालं आणि अण्णांचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला.

दोन तास वाचवायला गेलो आणि कारखाना दोन दिवस बंद राहिला. पण ते गणित साहेबांचं. माझं गणित वेगळं आहे. चौकशी झाली आणि कागदावर कारण आलं, 'ऑपरेटरचे दुर्लक्ष.' त्या कागदाखाली सही माझी आहे. अण्णा निवृत्त होईपर्यंत भर मे महिन्यातही लांब बाह्यांचा शर्ट घालत, आणि मला पाहिलं की दुसऱ्यांसारखंच "काय साहेब, चहा?" असं विचारत. त्या चहाचा घोट अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ झालं. तिथे वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंदच ठेवली होती, हे आम्ही वाचलं. आमच्या कंट्रोल रूममध्ये त्या दिवशी कोणी मोठ्याने बोललं नाही.

नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आबा, पण माझ्या कामात आम्ल नाही. कोथिंबीर आहे."

मी म्हटलं, "आम्ल नाही कसं? तीस माणसं पावसातून मोटारसायकली हाणताहेत ना तुझ्या गणितावर?"

इथे एक शंका मला आगाऊच दिसते. म्हणजे म्हाताऱ्याला वेगाचंच वावडं आहे! बैलगाडीतून मुंबईला जा म्हणेल! तसं मुळीच नाही. वेग मी पाहिला आहे, आणि याच गावात पाहिला आहे. जुलै १९८९ मध्ये पाताळगंगेला पूर आला आणि रिलायन्सच्या धाग्याच्या कारखान्यात पाणी आणि चिखल घुसला. परदेशी तज्ज्ञ महिन्यांची भाषा बोलत होते. सुमारे तीन आठवड्यांत कारखाना पुन्हा सुरू झाला. याला म्हणतात वेग! त्याला माझा कडक सलाम आहे. पण तो पूर होता. पूर येतो आणि ओसरतो. रोजच्या रोज येतो त्याला पूर म्हणत नाहीत, नदी म्हणतात. आणि नदीच्या पात्रात बिऱ्हाड मांडणाऱ्याला कोणी शूर म्हणत नाही. या वेगवान कंपन्यांत सोमवारी पूर, मंगळवारी महापूर आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला ढगफुटी ठरलेली. माणसाने पुरात जीव तोडून काम करावं. पण पूर खरा आहे की टाकीचा नळ कोणी मुद्दाम उघडा ठेवलाय, हे विचारायचा हक्क त्याला असावा.

आणि वेगाचंच म्हणाल, तर सगळ्यांत वेगवान वस्तू कोणती? रॉकेट. आमच्या एचओसीला लोक सरकारी, सुस्त, चहा पिणारी कंपनी म्हणत. पण तिथे नायट्रोजन टेट्रॉक्साइड नावाचा एक जहाल द्रव तयार होत असे. पीएसएलव्ही रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यात इंधन जाळायला तोच लागतो. २०१७ साली सरकारने एचओसीचे रसायनीतले विभाग बंद करायचं ठरवलं, तेव्हा हा एक विभाग तेवढा इस्रोकडे सोपवायचा निर्णय झाला. म्हणजे देशातली सर्वांत मोठी धाव ज्या द्रवाच्या जिवावर, तो रसायनीत जपून, सावकाश, मोजून मापून तयार व्हायचा.

आता त्या रॉकेटवाल्यांची रीत बघा. १५ जुलै २०१९ ची मध्यरात्र उलटून गेलेली. चांद्रयान-२ उडायचं. राष्ट्रपती जातीने श्रीहरिकोट्याला आलेले, सारा देश टीव्हीसमोर जागा. उड्डाणाला ५६ मिनिटं असताना काही बिघाड दिसला आणि घड्याळ थांबवलं. थांबवलं म्हणजे थांबवलं. राष्ट्रपतींना नमस्कार केला, लोकांना झोपायला सांगितलं, दुरुस्ती केली आणि २२ जुलैला यान व्यवस्थित उडवलं. कोणी त्यांना 'कामातील संथपणा' म्हणून मेमो दिल्याचं ऐकिवात नाही. चंद्राकडे जाणारं यान आठवडाभर थांबू शकतं, आणि आमच्या नातीच्या कंपनीची कोथिंबीर सोळाव्या मिनिटापर्यंत थांबू शकत नाही! हा वेग नव्हे, वाचकहो. हा नुसता उतावळेपणा आहे, आणि त्याचे पैसे दुसऱ्याच्या झोपेतून वळते होतात.

तास मोजायची तर हल्ली मोठमोठ्यांत चढाओढ लागली आहे. २०२३ साली इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. २०२५ च्या सुरुवातीला लार्सन अँड टुब्रोचे प्रमुख ९० तासांपर्यंत पोचले, आणि घरी बसून माणूस बायकोकडे किती वेळ बघणार असंही विचारते झाले. आमची ही म्हणाली, "बघायला नको. दळण आणून दिलं तरी पुष्कळ."

मी आपला जुन्या पद्धतीने वहीवर हिशेब मांडला. आठवड्याचे तास १६८. त्यातून ७० गेले, राहिले ९८. सात तासांप्रमाणे झोप ४९, राहिले ४९. मोहोपाड्याहून कामावर जाऊन येऊन रोजचे तीन तास धरा, सहा दिवसांचे १८, राहिले ३१. आंघोळ, जेवण, कपडे यांना रोजचे दोन म्हणजे १४, राहिले १७. या सतरा तासांत पोरीने लग्न करायचं, नांदायचं, आईबापांना डॉक्टरकडे न्यायचं, गणपतीला घरी यायचं आणि वर्षाकाठी एकदा आजारी पडायचं. १९४८ च्या कारखाना कायद्यात आठवड्याचे ४८ तास लिहिले होते. ते लिहिणारे काही आळशी नव्हते. माणूस नावाच्या भांड्याचं डिझाइन प्रेशर त्यांना माहीत होतं.

डिझाइन प्रेशर म्हणजे भांडं किती सोसेल तो आकडा. कारखान्यात प्रत्येक भांड्यावर त्याची पत्र्याची पट्टी ठोकलेली असते. शिवाय सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. दाब त्या मर्यादेच्या वर गेला, तर तो साहेबांना न विचारता उघडतो. हे फार महत्त्वाचं आहे. साहेबांना विचारून उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह अजून कोणी बनवलेला नाही, कारण तोवर साहेबही राहत नाहीत. आमच्या घरातल्या कुकरलासुद्धा दोन सोयी आहेत, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. पाहुण्यांची घाई झाली म्हणून आमच्या हिने शिट्टीवर वरवंटा ठेवलेला मी चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पाहिला नाही. जे अडीचशे रुपयांच्या कुकरला कळत होतं, ते कोटीच्या कंपनीला का कळू नये?

दुसऱ्या दिवशी पाचवी फेरी. मी जिन्यात बसून कोथिंबीर निवडत होतो. (कोथिंबीर अंगणातली. दीड मिनिटात दारात.) पडद्यावर एक बाई होत्या आणि कंपनीचे तरुण साहेब होते. साहेब म्हणाले, "आमच्याकडे घड्याळ बघून कोणी काम करत नाही. आम्ही एक कुटुंब आहोत."

हे कुटुंब प्रकरण मला पूर्वीपासून पचत नाही. आमच्या कुटुंबात वर्षअखेरीला आतेमामे भावंडांचे मार्क काढून तळाच्या दोघांना हाकलत नाहीत. चुलत्याला सकाळी अकराला निरोप आणि सव्वाअकराला त्याचा ताट-पाट बंद, असंही होत नाही. कुटुंब असेल तर कुटुंबासारखं वागा. कंपनी असेल तर तास सांगा, पगार सांगा आणि मोकळे व्हा. मधल्यामध्ये कुटुंबाचा लळा आणि कंपनीचा चाबूक, हे दोन्ही एकाच हातात नको.

मग तो प्रश्न आलाच. "प्रचंड प्रेशरखाली काम करता येईल ना तुम्हाला?"

माझ्या हातातली काडी हातातच राहिली. नात म्हणाली, "येईल. पण एक विचारू? तुमच्याकडे सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे आहे?"

"सॉरी?"

"म्हणजे रात्री दोन वाजता, हे धोक्याचं आहे, आता थांबवा, असं म्हणायचा अधिकार कोणाला आहे? आणि तसं म्हटलं तर त्याचं पुढे काय होतं?"

खोलीत इतकी शांतता झाली की मला वाटलं रेंज गेली. रेंज गेली नव्हती. बाईंनी चष्मा काढून पुसला, असं नातीने नंतर सांगितलं. शेवटी साहेब म्हणाले, "चांगला प्रश्न आहे." ज्याचं उत्तर नसतं त्या प्रश्नाला चांगला म्हणायची पद्धत आमच्या वेळेलाही होती. मग म्हणाले, "आम्ही लवकरच कळवतो."

याला आज आठ आठवडे झाले. १९७६ साली टपालाने उत्तर यायला आठ दिवस लागले. चिखलात बुडालेला कारखाना तीन आठवड्यांत उभा राहिला. चांद्रयान एका आठवड्यात दुरुस्त होऊन उडालं. आणि या वेगवान कंपनीला दोन महिन्यांत एक ओळ लिहायला सवड झाली नाही. तेव्हा माझी आपली सूचना अशी आहे. जाहिरातीत 'प्रेशर' लिहायचं असेल तर पुढे आकडा घाला. घरी काम देणार असाल तर त्याचे पैसे द्या. पाळीवरच्या शेवटच्या माणसाला 'थांबा' म्हणायचा हक्क द्या, आणि तो बजावल्याबद्दल त्याला मेमो देऊ नका. आणि पोरापोरींनो, 'कितीही प्रेशर असू दे' हे उत्तर देऊ नका. ते प्रेशर तुमच्या अंगावर थांबत नाही. वरून येतं, तुमच्यातून जातं आणि खालच्या कुणा अण्णांच्या हातावर उतरतं.

नातीने दुसरीकडे नोकरी धरली आहे. तिथेही तिने हाच प्रश्न विचारला. तिथले साहेब डोकं खाजवून म्हणाले, "आमच्याकडे तसा काही नाही. पण असायला हवा खरा." तेवढ्यावर तिने होकार दिला. पगार थोडा कमी आहे, पण बहुतेक दिवशी ती दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात घरी असते. बाकीच्या दिवशी उशीर होतो, आणि मी जागा राहतो. मला काम काय दुसरं?

परवा ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, त्या कोथिंबीरवाल्यांचं काय झालं हो?"

"कळवणार आहेत."

"म्हणजे आता ते परत घरात येऊन बसणार नाहीत ना?"

"नाही."

"मग कुकर लावते," ती म्हणाली.

चार शिट्ट्या झाल्या. डाळ छान शिजली होती.